ग्रासमुख आणि मोत्यांचा सर : दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरशिल्पातील काल्पनिक प्राणी व रत्ने यांचा अर्थविचार

दख्खनमधील एखाद्या मध्ययुगीन मंदिराच्या सभामंडपातील स्तंभ बारकाईने न्याहाळला असता त्याच्या मधल्या भागावर बहुधा एक चेहरा कोरलेला आढळतो. बटबटीत बाहेर आलेले डोळे, वळलेली शिंगे, गालांभोवती फुललेली आयाळ, वरच्या जबड्यातील दातांची रांग व दोन सुळे असे त्याचे रूप असते. खालचा जबडा मात्र बहुतेक वेळा नसतोच. दातांच्या रांगेखालून मोत्यांचे सर निघतात, झोके घेत शेजारच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचतात आणि दोहोंच्या मध्ये एखादा घोस खाली लोंबत राहतो. या चेहऱ्यास कीर्तिमुख म्हणतात, हे कलेतिहासाच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही ठाऊक असते. त्याच्या अर्थाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या मुखातील मोत्यांना मात्र मंदिरवर्णनांत ‘सुशोभन’ या एका शब्दापलीकडे क्वचितच जागा मिळते.

प्राण्याचा विचार एका प्रकरणात आणि अलंकाराचा दुसऱ्या प्रकरणात, ही विभागणी अभ्यासाच्या सोयीसाठी झाली असली तरी ती शिल्पावर लादलेली आहे. ज्या पाथरवटाने हे रूप घडविले त्याने मुख आणि मोती एकाच दगडात, एकाच सलग रेषेत कोरले. तेव्हा मुखाचा अर्थ लावताना मोती गाळावेत आणि उरलेल्या चेहऱ्यास ‘संहार’, ‘काल’ किंवा ‘अहंकाराचा नाश’ असा अर्थ चिकटवावा, ही पद्धत कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रश्न केवळ एका नक्षीचा नाही. मूर्तिशास्त्राच्या कोशांतून ‘अमुक प्राणी म्हणजे तमुक गुण, अमुक रत्न म्हणजे तमुक ग्रह’ अशी जी समीकरणे महाविद्यालयीन अध्यापनात रूढ झाली आहेत, त्यांचीच येथे परीक्षा होते.

जालंधराची कथा आणि तिची मर्यादा

कीर्तिमुखाचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण पौराणिक आहे. स्कंदपुराणातील कार्तिकमाहात्म्यात व शिवपुराणाच्या रुद्रसंहितेत ही कथा येते. जालंधराने राहूला दूत म्हणून शिवाकडे पाठविले आणि पार्वतीची मागणी केली. त्या उद्धटपणामुळे शिवाच्या भ्रूमध्यातून सिंहमुखी, भयंकर असा एक पुरुष प्रकट झाला व राहूला ग्रासण्यास धावला. राहूने अभय मागितले. शिवाने ते दिले. भुकेल्या पुरुषाने आता खावे काय, असे विचारताच शिवाने त्यास स्वतःचेच मांस खाण्यास सांगितले. त्याने हात, पाय, धड असे सर्व खाऊन टाकले आणि केवळ मुख उरले. प्रसन्न झालेल्या शिवाने त्याला कीर्तिमुख हे नाव दिले, आपल्या द्वारी स्थान दिले आणि त्याची पूजा केल्यावाचून आपली पूजा फलद्रूप होणार नाही, असा वर दिला.

कथा प्रभावी आहे, यात संशय नाही. हाइनरिख झिमर यांच्या मृत्यूनंतर जोसेफ कॅम्बेल यांनी संपादित करून 1946 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय कलेतील मिथक व प्रतीके यांवरील ग्रंथात तिला महत्त्वाचे स्थान मिळाले, आणि पुढे कॅम्बेल यांच्या लेखनातून व व्याख्यानांतून ती जगभर पोहोचली. मराठीतील लोकप्रिय लेखनातही उंबऱ्यावरील मुखाचा खुलासा याच कथेने होतो. तथापि कथेच्या बळावर शिल्पाची उत्पत्ती सिद्ध होत नाही. अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांत, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, मोत्यांचे सर धारण करणारी अशी मुखे स्तंभांवर आढळतात आणि ती लेणी बौद्ध आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांतही हे रूप निःसंकोचपणे वावरते. ज्या पुराणभागांत ही कथा आली आहे त्यांचे संकलन उत्तरकालीन आहे. तेव्हा रूप आधीचे आणि त्याचे शैव स्पष्टीकरण नंतरचे, हा क्रम मान्य करावा लागतो. दिसणाऱ्या पण अर्थ विसरलेल्या वस्तूभोवती कथा रचणे हे पुराणकारांचे नेहमीचे कार्य होते. ते त्यांनी येथे उत्तम रीतीने केले, इतकेच.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कथेतील पुरुष खातो. शिल्पातील मुखास चावण्यासाठी खालचा जबडाच नाही. आणि त्याच्या मुखातून काही आत जात नसून काही बाहेर येत आहे. दगडात गती नसते, त्यामुळे सर आत ओढला जात आहे की बाहेर पडत आहे, हे कसे ठरवावे, अशी शंका येथे रास्त ठरेल. तिचे उत्तर शिल्पातच मिळते. अनेक ठिकाणी मोत्यांच्या जागी वेल असते. वेलीचे कोवळे अंकुर व पानांची टोके मुखापासून दूर, बाहेरच्या दिशेने वळलेली असतात. वेल मुखातून उगवते. ती मुखात वाढत जात नाही. मोत्यांचा सर हा त्याच जागी, त्याच वळणाने येणारा वेलीचा पर्याय असल्यामुळे त्याचीही दिशा तीच मानणे योग्य होय. थोडक्यात, ज्या मुखास ‘गिळणारे’ म्हणून प्रसिद्धी मिळाली ते शिल्पकाराच्या हातून ‘देणारे’ मुख म्हणून घडले आहे.

नावाचीही थोडी चिकित्सा आवश्यक आहे. पश्चिम भारतातील वास्तुपरंपरेत अधिष्ठानावरील अशा मुखांच्या रांगेस ‘ग्रासपट्टी’ म्हणतात आणि सुट्या मुखास ‘ग्रासमुख’. ग्रास म्हणजे घास. हे कारागिराचे नाव आहे. त्यात कथा नाही, केवळ तोंड भरलेले असल्याची नोंद आहे. ‘कीर्ति’ या शब्दाचाही एक विसरलेला अर्थ आहे. दख्खनच्या प्राचीन लेखांत ‘कीर्ति’ व ‘कीर्तन’ हे शब्द मंदिरासारख्या वास्तूसाठी योजलेले आढळतात. बडोदे येथे सापडलेल्या राष्ट्रकूट ताम्रपटातील एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, मंदिराच्या वर्णनासंदर्भात ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवून दिली. या अर्थाने कीर्तिमुख म्हणजे ‘वास्तूचे मुख’ असेही समजता येते. हा अर्थ निर्णायक मानण्याचे कारण नाही, पण शिवाने दिलेल्या नावापेक्षा तो बांधकामाच्या अधिक जवळचा आहे.

‘रत्न’ या शब्दाची व्याप्ती

प्राणी सजीव आणि रत्न निर्जीव, हा भेद आजच्या वाचकास इतका स्वाभाविक वाटतो की मध्ययुगीन शिल्पकारासही तो तसाच वाटत असेल, असे गृहीत धरले जाते. शब्दांची साक्ष याविरुद्ध आहे. समुद्रमंथनातून निघालेल्या चौदा रत्नांत कौस्तुभ मणी आहे, तसेच ऐरावत हत्ती, उच्चैःश्रवा अश्व व कामधेनूही आहेत. बौद्ध परंपरेत चक्रवर्ती राजाच्या सप्तरत्नांत चक्र, हत्ती, अश्व, मणी, स्त्री, गृहपती व परिणायक यांची गणना होते. हस्तिरत्न आणि मणिरत्न एकाच पंक्तीत बसतात. आपापल्या जातीत जे श्रेष्ठ ते रत्न, ही संस्कृतातील जुनी व्याख्या आहे. (मराठीने तर मंथनातील एका रत्नाचा संबंध थेट माराशी जोडला. चौदावे रत्न दाखविण्याची धमकी देणाऱ्यास समुद्रमंथन क्वचितच आठवत असेल.) जैन परंपरेतील तीर्थंकर-मातेच्या स्वप्नांतही हत्ती, वृषभ व सिंह यांच्यासोबत समुद्र आणि रत्नराशी दिसतात. दिगंबर परंपरेत या स्वप्नांची संख्या सोळा आहे, आणि खजुराहोच्या घंटाई मंदिरात ती स्वप्ने प्रवेशद्वाराच्या पट्टीवर ओळीने कोरलेली आहेत.

निधींची कल्पना या दृष्टीने विशेष बोलकी आहे. मार्कंडेय पुराणातील निधींच्या यादीत पद्म, महापद्म, शंख यांच्याबरोबर मकर आणि कच्छप ही नावे येतात. येथे मकर हा संपत्तीचा रक्षक किंवा तिचे चिन्ह नसून तो स्वतःच एक निधी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील डाव्या उपगर्भगृहात बसलेल्या दोन स्थूलकाय यक्षांची ओळख बहुतेक अभ्यासक शंखनिधी व पद्मनिधी अशी करतात. म्हणजे निधीला मनुष्यरूप देण्याची प्रथाही दख्खनला अपरिचित नव्हती. मंदिराच्या सभामंडपात जमिनीवर कोरलेल्या कासवाचा अर्थ सामान्यतः इंद्रियसंयम असा सांगितला जातो. तो नाकारण्याचे कारण नाही, पण कच्छप हा निधीही आहे, हे त्याच वेळी कोणी सांगत नाही.

रत्नशास्त्राच्या ग्रंथांत तर प्राणी आणि रत्न यांचे नाते जन्य-जनकाचे आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत मोत्यांची आठ उगमस्थाने सांगितली आहेत : हत्ती, सर्प, शिंपला, शंख, मेघ, वेळू, तिमी मासा आणि वराह. आठांपैकी केवळ शिंपल्यातील मोती बाजारात मिळत असे, हे ग्रंथकारास ठाऊक नसणे शक्य नाही. तरीही उरलेली सात स्थाने त्याने आदरपूर्वक नोंदविली. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत याहून पुढची कथा येते. बल नावाच्या असुराने देवांना जिंकले. देवांनी त्यास यज्ञपशू होण्याची विनंती केली व त्याने ती मान्य केली. त्याच्या देहाचे अवयव जेथे जेथे पडले तेथे रत्नांच्या खाणी झाल्या. अस्थींचे हिरे झाले, रक्ताची माणके, पित्ताची पाचू, आणि दातांचे मोती. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेतही हीच कथा आहे. लुई फिनो यांनी 1896 मध्ये भारतीय रत्नशास्त्राचे ग्रंथ संपादित केले तेव्हापासून ती आधुनिक अभ्यासकांसमोर आहे. असुराच्या दातांतून मोती जन्मतात, असे मानणाऱ्या समाजात कोरलेल्या उग्र मुखाच्या दातांखाली मोत्यांचा सर लोंबत असेल, तर त्यास निव्वळ सजावट म्हणणे धाडसाचे ठरते. कीर्तिमुख म्हणजे बलासुरच, असा याचा अर्थ नव्हे. तसे म्हणणे म्हणजे एका कथेच्या जागी दुसरी कथा बसविणे होईल. कथा वेगवेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना एक आहे, एवढेच येथे अभिप्रेत आहे : भयंकर देह हा संपत्तीचा उगम असतो.

हे ज्ञान केवळ पोथीतले नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजाच्या कोशाच्या निमित्ताने रत्नपरीक्षा आली आहे. ज्या प्रदेशात व ज्या काळात दख्खनची ही मंदिरे उभी राहत होती, त्याच प्रदेश-काळातला हा ग्रंथ आहे. मोत्यांच्या सरांची संख्या मोजून हाराचे नाव सांगणारा वर्ग राजदरबारी जुन्या काळापासून होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 1008 सरांचा इंद्रच्छंद, 504 सरांचा विजयच्छंद आणि 27 सरांची नक्षत्रमाला अशी गणती दिली आहे. मंदिराचा दाता या वर्गातला असे. स्तंभावरील दगडी मोती तो ज्या नजरेने पाहत असेल ती आजच्या पर्यटकाची नजर नव्हे.

मकर

मकराच्या बाबतीत हे सर्व अधिक स्पष्ट होते, कारण तेथे भाषा स्वतःच साक्ष देते. संस्कृतात समुद्राला रत्नाकर म्हणतात आणि मकरालयही म्हणतात. एकाच जलाशयाची ही दोन नावे आहेत. रत्ने जेथे आहेत तेथेच मकर आहे. वरुणाचे वाहन मकर, गंगेचे वाहन मकर, कामदेवाच्या ध्वजावर मकर, आणि नवव्या तीर्थंकराचे, पुष्पदंताचे, लांछनही मकरच. शरीर सुसरीसारखे, सोंड हत्तीची, शेपूट माशाची किंवा फुलून पानांची झालेली, असा हा प्राणी कोणत्याही एका जातीत बसत नाही. बिहारमधील बराबर टेकड्यांतील लोमश ऋषी गुंफेच्या मौर्यकालीन दर्शनी कमानीवर हत्तींच्या रांगेच्या दोन्ही टोकांस मकर आहेत, म्हणजे प्रवेशद्वाराशी त्याचे नाते दीड हजार वर्षांनंतरच्या मंदिरांइतकेच तेव्हाही पक्के होते.

आनंद कुमारस्वामी यांनी 1928 व 1931 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘यक्ष’ या द्विखंडी ग्रंथात मकर, पूर्णघट, कमळवेल व रत्ने यांना जलाच्या सृजनशक्तीच्या एकाच सूत्रात गुंफले. भारहुतच्या कठड्यावरील उष्णीषात नागमोडी वेलीला दागिने व वस्त्रे लगडलेली दिसतात. ही वेल सृष्टीतील कोणत्याही वनस्पतीची नाही. कुमारस्वामींची मांडणी आजही सर्वाधिक उपयुक्त वाटते, कारण तिच्यात प्राणी आणि रत्न वेगळे काढले जात नाहीत. तिचा दोष असलाच तर तो व्यापकतेचा आहे. भारहुतपासून पुढच्या सर्व शतकांचा खुलासा जलानेच होऊ लागला की मधल्या काळात काही बदललेच नाही, असा भास होतो. स्टेला क्रॅमरिश यांनी ‘द हिंदू टेंपल’ या 1946 मधील ग्रंथात कीर्तिमुखाला प्राणतत्त्वाच्या पातळीवर नेले. त्यांचे विवेचन भव्य आहे, तथापि ते वाचून झाल्यावर मंदिरासमोर उभे राहिले असता कोणते मुख कोठे आहे आणि त्यातून काय निघते, या साध्या प्रश्नांकडे लक्ष जातेच असे नाही.

मकराचे ‘देणे’ सिद्ध करण्यासाठी तत्त्वज्ञानाची गरजही भासत नाही. गर्भगृहाच्या बाहेरच्या भिंतीवरील प्रणाल पाहावी. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते तिचे तोंड दख्खनच्या अनेक मंदिरांत मकराचे असते. बोलीत मात्र तिला सरसकट ‘गोमुख’ म्हटले जाते, मग तेथे गाय असो वा नसो. भाविक त्या धारेचे तीर्थ घेतात. येथे मुख खरोखरच देते आणि जे मिळते ते भाविकाच्या ओंजळीत येते. मकरतोरणात हीच कल्पना कमानीचे रूप घेते : दोन बाजूंच्या मकरमुखांतून निघालेली कमान माथ्यावर कीर्तिमुखापाशी मिळते. समुद्रापार जावामध्ये इसवी सन 800 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या बोरोबुदूर स्तूपाच्या जिन्यांवरील कमानींतही वर ‘काल’ मुख आणि खाली मकर अशीच योजना आहे. तेथे हे मुख ‘काल’ या नावाने ओळखले जाते म्हणून दख्खनच्या मुखासही कालाचा अर्थ द्यावा, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. रूप प्रवास करते तेव्हा नाव बदलते. बदललेले नाव मूळ ठिकाणी परत आणून अर्थ म्हणून वापरणे सयुक्तिक नाही.

महाराष्ट्रात मकराचा प्रवास आणखी एका टप्प्यापर्यंत झाला. तो स्वतःच दागिना झाला. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानी मकरकुंडले आणि कंठी कौस्तुभ, हे रूप वारकरी संतांच्या रचनांमुळे घराघरांत पोहोचले आहे. रत्नाकराचा प्राणी कानात आणि रत्नाकराचे रत्न गळ्यात, अशी ही जोडी आहे. देवाच्या अंगावर समुद्राची दोन्ही नावे एकत्र येतात, आणि कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या साध्या, जवळजवळ अलंकारविरहित मूर्तीवर तर ती अधिकच ठळकपणे जाणवतात. मूर्तीच्या काळाविषयी व मूळ स्वरूपाविषयी विद्वानांत मोठा वाद आहे; त्यात न शिरताही ही जोडी ध्यानात घेण्याजोगी आहे.

व्याल, हत्ती आणि मोती

व्यालांचा अभ्यास मधुसूदन ढाकी यांनी 1965 मधील आपल्या ग्रंथाने पक्क्या पायावर आणला. अपराजितपृच्छेसारख्या वास्तुग्रंथांत व्यालांचे सोळा प्रकार मुखभेदाने दिले आहेत : सिंहव्याल, गजव्याल, अश्वव्याल, नरव्याल इत्यादी. ढाकींनी संज्ञा, प्रकार व प्रादेशिक भेद यांकडे लक्ष दिले आणि रूपकांचा मोह टाळला. हा संयम अनुकरणीय आहे. कारण व्यालाच्या, विशेषतः हत्तीवर झेपावणाऱ्या सिंहाच्या किंवा व्यालाच्या, शिल्पाविषयी जे अर्थ प्रचलित आहेत त्यांतील एक फारच उथळ आहे. सिंह म्हणजे वैदिक धर्म, हत्ती म्हणजे बौद्ध धर्म आणि शिल्प म्हणजे पहिल्याचा दुसऱ्यावरील विजय, असे मार्गदर्शक सांगतात आणि कधी कधी अभ्याससहलीच्या अहवालांतही ते उतरते. सारनाथच्या पाचव्या शतकातील धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्तीच्या आसनाला दोन्ही बाजूंस व्याल आहेत आणि वर मकरमुखे आहेत. जे प्राणी बुद्धाच्या आसनाचा आधार आहेत त्यांना बौद्ध धर्माचे शत्रू ठरविणे म्हणजे आजच्या वादाची भाषा दगडाच्या तोंडी घालणे होय.

या शिल्पाकडे रत्नांच्या बाजूने पाहिले असता वेगळेच दृश्य दिसते. हत्तीच्या गंडस्थळात मोती असतो, हा काव्यसंकेत आहे. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयाच्या वर्णनात, बर्फाने रक्ताच्या खुणा धुतल्या गेल्या तरी हत्ती मारून गेलेल्या सिंहांचा माग किरात काढतात, तो त्यांच्या नखांतून गळलेल्या मोत्यांवरून, अशी कल्पना आली आहे. सिंह हत्तीवर झेपावतो तेव्हा त्या काळच्या काव्यज्ञ प्रेक्षकाच्या मनात मोती विखुरत असत. शिकार, हिंसा आणि रत्नप्राप्ती ही एकाच क्षणाची तीन अंगे होती. अर्थात प्रत्येक गजसिंहशिल्पावर हा अर्थ आरोपित करणे चुकीचे ठरेल. पुष्कळ ठिकाणी ते केवळ राजसत्तेचे चिन्ह आहे, आणि मराठी मुलखातील किल्ल्यांच्या दरवाजांवर हत्तींना पंजात धरणारे शरभ आढळतात तेथे तर मोत्यांचा काही संबंध नाही. जेथे हत्तीच्या मस्तकावर किंवा सिंहाच्या पंजाजवळ मोती प्रत्यक्ष कोरलेले असतील तेथेच हा अर्थ धरावा. हा दंडक कडक वाटला तरी आवश्यक आहे. तो न पाळल्यामुळेच मूर्तिशास्त्राचे अर्थकोश बेभरवशाचे झाले आहेत.

उंबरठा

येथपर्यंतच्या विवेचनास एक अपवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. गर्भगृहाच्या उंबरठ्यावर मध्यभागी अर्धगोलाकार मंदारक असते व त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक ग्रासमुख असते. या जोडीच्या मुखात मोती बहुधा नसतात. ती जमिनीलगत, समोर रोखून पाहणारी, ओलांडून जाण्यासाठी घडविलेली मुखे आहेत. भाविक आत जाण्यापूर्वी वाकून त्यांना स्पर्श करतो. शिवाच्या द्वारी नेमलेल्या आणि प्रथमपूजेचा मान मिळालेल्या पुरुषाची कथा या जागेला नेमकी लागू पडते. कदाचित ही जागा व हा आचार यांचाच खुलासा करण्यासाठी कथा जुळली असावी. तेव्हा पुराणकथा टाकाऊ ठरत नाही. तिचे कार्यक्षेत्र मर्यादित होते. उंबरठ्यावरचे मुख अडविते, स्तंभावरचे मुख देते, शिखरावरील गवाक्षाच्या माथ्यावरचे मुख बहुतेक केवळ कमान पूर्ण करते. एकाच रूपाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो आणि तो ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या तोंडात काय आहे, किंवा काय नाही.

हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील 1931 च्या ग्रंथात केलेले दस्तऐवजीकरण अद्याप आधारभूत मानले जाते, पण नक्षीच्या तपशिलाची अशी स्थाननिहाय नोंद तेथे अपेक्षिणे अन्यायाचे होईल. नंतरच्या नोंदींनीही ती क्वचितच केली. ‘हेमाडपंती’ या शब्दाने जसे झाले तसे येथेही झाले. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 चा आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला. तरी ते मंदिर अनेकांच्या तोंडी हेमाडपंतीच राहिले. एकदा नाव मिळाले की पाहणे थांबते. ‘कीर्तिमुख’ हेही असेच पाहणे थांबविणारे नाव झाले आहे. नोंदपत्रकात ‘स्तंभावर कीर्तिमुखे’ एवढे लिहिले की काम संपते. त्यांची संख्या, खालच्या जबड्याची उपस्थिती, मुखातील वस्तू, सरांचे पदर, घोस, वेलीची दिशा यांपैकी काहीच टिपले जात नाही.

ही उणीव केवळ शास्त्रीय राहिलेली नाही. गावोगावी होणाऱ्या जीर्णोद्धारांत सर्वांत आधी बदलतो तो उंबरठा. त्यावर संगमरवराची फरशी बसते किंवा पितळी अथवा चांदीचा पत्रा येतो, आणि मंदारकासह दोन्ही ग्रासमुखे खाली जातात. स्तंभांवर तैलरंगाचे थर चढतात. डोळे पांढरे व जीभ लाल रंगविली जाते, त्यामुळे चेहरा ठळक होतो. मोत्यांच्या दाण्यांमधील खोलगट जागा मात्र रंगाने बुजते आणि सर एक सपाट पट्टी बनतो. रंगाऱ्यालाही चेहराच अर्थपूर्ण व मोती निरर्थक वाटतात. त्याने हा निवाडा कोणत्या ग्रंथातून घेतला नसला तरी ग्रंथांचा निवाडा काही वेगळा नव्हता.

घरच्या देव्हाऱ्यातील पितळी प्रभावळीत ही सारी योजना आजही ओतली जाते : माथ्यावर ग्रासमुख, खालच्या दोन टोकांना मकर आणि त्यांना जोडणाऱ्या कमानीच्या कडेने ठिपक्यांची एक बारीक रांग. प्रभावळ जुनी असेल तर ठिपके गोल व सुटे असतात, त्यांच्यामधून दोरा ओवता येईल असे. नव्या साच्यांत ती अनेकदा एक सलग कंगोरा झालेली दिसते.